स्वल्पविराम म्हणणारी आजी: एका वियोगाचं आणि त्यानंतरच्या वाचनाचं प्रकरण

हे प्रकरण माझंच आहे. आजी गेली तेव्हा ती 84 वर्षांची होती आणि मी 29 वर्षांची. त्यानंतरच्या 14 महिन्यांत मी काय वाचलं, कोणतं पुस्तक अर्ध्यात टाकलं, वाचताना काय झालं, याच्या नोंदी एका वहीत आहेत. एकूण 23 पुस्तकं, त्यातली 9 अपुरी. नोंदी ठेवायची सवय आजीचीच.

‘वाचनाने माणूस सावरतो’ हे वाक्य मी या काळात पुष्कळ वेळा ऐकलं. त्यात कुठलं वाचन, कधी, आणि सावरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कोणी सांगत नाही. काही वाचनाने मला त्रास झाला, काहीमागे मी दोन महिने लपून राहिले, आणि मोजक्या चार ठिकाणी काहीतरी हललं. ते जसं घडलं तसं इथे मांडते आहे.

पार्श्वभूमी

आजी मुद्रितशोधक होती. छापखान्याची मुद्रितं घरी यायची आणि ती दुपारभर तपासत बसायची. आई-बाबा कामावर असायचे, त्यामुळे माझ्या सातव्या वर्षापासून तिची वाचक मी झाले. मुद्रित तपासण्याची जुनी रीत दोघांची असते. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या मजकुरावर पेन्सिल फिरवत ते पडताळायचं. वाचणाऱ्याने विरामचिन्हंसुद्धा म्हणायची, नाहीतर ती छपाईत गळली आहेत की मुळातच नव्हती हे तपासणाऱ्याला कळणार नाही. म्हणून मी वाचायचे: तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण बंद.

मला गोष्टी अशाच कळल्या, चिन्हांसकट. कंटाळून एखादी ओळ मी गाळली किंवा शब्द बदलला की ती पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, “हे लेखकाने लिहिलेलं नाही, हे तू लिहिलंस.” ती रागवायची नाही, पण सोडायचीही नाही. स्वतःच्या पुस्तकांत, जिथे लेखक उगाच गळा काढतो आहे असं तिला वाटे, तिथे समासात ती एकच अक्षर लिहायची: ‘हं’.

तिने मला मांडीवर घेऊन थोपटल्याचं मला आठवत नाही. आमचं प्रेम या टेबलावरचं होतं.

वयाच्या 81व्या वर्षापासून तिला स्मृतिभ्रंश झाला. आधी तारखा गेल्या, मग माणसं. मला ती तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे, “आजी, मी आहे गं.” नंतर सोडून दिलं, कारण दुरुस्त केलं की तिचा चेहरा घाबरा व्हायचा. तरीही एक गोष्ट बराच काळ टिकली. मी काहीही मोठ्याने वाचायला लागले आणि श्वासासाठी थांबले की ती हळूच म्हणायची, “स्वल्पविराम.” वाक्य संपलं की, “पूर्णविराम.” बहुतेक वेळा बरोबर असायचं. शेवटच्या काही महिन्यांत ते चुकीच्या जागी येऊ लागलं. त्या दिवसांत मी वाचणं कमी केलं. ही गोष्ट मला आजही टोचते.

या अवस्थेला नाव आहे हे मला पुढे समजलं. पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधक बाईंनी 1970च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा वियोगाला संदिग्ध वियोग म्हटलं. माणूस मनात आहे, पण घरात नाही. त्याची उलट बाजू त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी पाहिली. माणूस घरात आहे, पण तो आता ‘तो’ राहिलेला नाही. अशा घरात रडायचं कधी, हेच ठरत नाही. ती गेली त्या दिवशी मला वाटलं होतं की मी तिला आधीच तीन वर्षं थोडं थोडं गमावून बसले आहे, आता नवीन काय उरलं असणार.

घटना आणि पहिले आठवडे

ती झोपेत गेली. भेटायला आलेले लोक चांगल्या मनाने बोलत होते. “पिकलं पान गळणारच.” “सुटली बिचारी.” “शेवटपर्यंत घरच्या माणसांत होती, अजून काय हवं?” प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्या दुःखाची जागा थोडी आक्रसत होती. मी तिसऱ्या दिवशी कामावर गेले. कोणी थांबवलं नाही, मीही थांबले नाही.

शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं. जे दुःख उघडपणे मान्य होत नाही, ज्याच्यासाठी चारचौघांत रडायची सोय नसते, ते दुःख. आजी-आजोबांचं जाणं त्यात फार सहज बसतं. वय झालेलं असतं, मुख्य शोक मुलांचा मानला जातो, आणि नातवंडांनी आईला किंवा बाबांना सांभाळायचं असतं. मीही आईला सांभाळत होते. निदान मला तसं वाटत होतं.

सातव्या आठवड्यात कामाच्या बैठकीत मला एक टिपण वाचून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या ओळीत मी थांबले आणि माझ्या तोंडून “स्वल्पविराम” असं स्पष्ट निघून गेलं. पुढचा शब्द आला नाही. कोणीतरी पाणी दिलं, कोणीतरी टिपण माझ्या हातून घेतलं. त्या रात्री वहीत पहिली नोंद झाली: ‘मोठ्याने वाचता येत नाही.’

चुकीची पुस्तकं

मग मी मनात वाचायला लागले, आणि आज्याच शोधायला लागले. ज्या कथेत आजी आहे ती मी उचलायची. पहिली पाच पुस्तकं मी टाकून दिली. त्यांत एकच बाई वेगवेगळ्या नावांनी येत होती. पांढरे केस, ऊबदार मांडी, दर दहा पानांनी एखादं शहाणपणाचं वाक्य, आणि नातवंडाला धडा मिळाला की हळुवार मरण. मला रडू यायला हवं होतं, त्याऐवजी राग येत होता. वहीत लिहिलं आहे: ‘ही आजी कोणाचीच नाही.’

राग पुस्तकांवर नव्हता, हे नंतर उलगडलं. त्याच दिवसांत घरी तिच्याबद्दल जे बोललं जात होतं त्यातही हीच बाई येत होती. “किती प्रेमळ होती.” “कधी कोणाला दुखावलं नाही.” दुखावलं होतं. मामांना तिने एका पत्रातल्या अशुद्ध लेखनावरून इतकं बोलून घेतलं होतं की ते पुढे तिला पत्रच लिहीत नसत. ती हट्टी होती, काटेकोर होती, आणि तिच्याकडून कौतुकाचा शब्द मिळवायला मला वर्षं लागली. तिची ही धार पुसली की माझ्या वाट्याची आजीच पुसली जात होती. गोड आठवणींनी मी तिला पुन्हा एकदा गमावत होते. मरणोत्तर स्तुतीत असं होतं, त्यात कोणाचा दोष नाही. पण नातवंडाला ते फार एकटं पाडतं.

हमीद आणि अमीना

मग शाळेत हिंदीच्या पुस्तकात वाचलेली प्रेमचंदांची ‘ईदगाह’ पुन्हा हाती आली. 1933ची कथा. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आई-बाप नसलेला चार-पाच वर्षांचा हमीद, त्याची आजी अमीना, खिशात तीन पैसे, आणि जत्रेतली खेळणी सोडून त्याने आजीसाठी घेतलेला चिमटा, कारण तव्यावर तिची बोटं भाजतात.

लहानपणी मला यातला त्यागच शिकवला होता. या वेळी नजर दुसरीकडे अडकली. चिमटा पाहिल्यावर अमीना आधी चिडते. दिवसभर उपाशी राहिलास आणि आणलंस काय, तर हे? रडणं आणि आशीर्वाद त्यानंतरचे. खरी आजी अशीच असते, आधी टकटक, मग बाकी सगळं. आणि शेवटी प्रेमचंद दाखवतात की पोरगा म्हाताऱ्या माणसाच्या भूमिकेत गेला आहे आणि म्हातारी लहान मुलगी झाली आहे. त्या ओळींपाशी मी पुस्तक मिटलं. शेवटच्या वर्षात तिच्या ब्लाउजची बटणं मी लावायचे, केस मी विंचरायचे, आणि ती हात वर करून लहान मुलीसारखी उभी राहायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या अवस्थेला कोणीतरी 1933मध्येच शब्द देऊन ठेवले होते. ती गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले ती त्या रात्री. ती गेल्याला 11 आठवडे झाले होते.

हायडी आणि आंधळी म्हातारी

चौथ्या महिन्यात योहाना श्पिरींची ‘हायडी’ वाचली, 1880 आणि 1881 अशा दोन भागांत आलेली. मला त्यातला डोंगरावरचा एकलकोंडा आजोबा तेवढा आठवत होता, ज्याला गावकरी घाबरतात. पुन्हा वाचताना लक्षात आलं की या पुस्तकात हायडीला वडीलधारी तीन माणसं मिळतात. रक्ताचा एकटा आजोबा. दुसरी तिच्या शहरातल्या मैत्रिणीची, क्लाराची, आजी, जी हायडीला वाचायला शिकवते. तिसरी डोंगरावर शेळ्या राखणाऱ्या पीटरची आंधळी आजी. हायडी डोंगरावर परतल्यावर तिच्यापाशी बसून तिच्या जुन्या पुस्तकातली भजनं तिला वाचून दाखवते.

या प्रसंगावर वहीत चार पानं आहेत. एकीकडून वाचायला शिकली आणि दुसरीला वाचून दाखवलं, हे पाहताना मला माझ्या दुःखाचा आकार कळला. मी इतके दिवस पुस्तकांत आजी शोधत होते आणि प्रत्येक आजी नापास करत होते. कशी पास होणार? त्या बायका माझ्या आजी नव्हत्याच. पण हायडी त्या खोलीत जे करत होती ते मी केलेलं होतं. माझ्याकडून गेलं होतं ते नात असणं. आजी-आजोबांपैकी ती शेवटची होती. आता जगात कोणासाठीही मी नात नव्हते. मुलगी होते, सहकारी होते, कोणाची मैत्रीण होते. सात वर्षांची वाचक मात्र नोंदीतून उडवली गेली होती, आणि तिच्यासाठी भेटायला कोणीच आलं नव्हतं.

यानंतर मी कथा वेगळ्या रीतीने वाचू लागले. आजीकडे बघणं सोडून नातवंडाकडे बघायचं. ते काय पाहतं, कशाला घाबरतं, काय लपवतं. तिथे मला हवं ते मिळू लागलं.

मध्येच वाहवत जाणं

इथवर ऐकून सगळं सुरळीत वाटेल. तसं झालं नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत होते, फोन घेत नव्हते, सुटीच्या दिवशी घराबाहेर पडत नव्हते. पुस्तकात नात होता येत होतं, बाहेर नाही. मग बाहेर कशाला जा?

एका मैत्रिणीने मला समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी दुःख किती आहे हे विचारलं नाही. झोप, जेवण, काम, माणसं यांबद्दल विचारलं. दीर्घकाळ चिघळलेल्या शोकाची आता वैद्यकीय व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात किमान सहा महिने ही अट आहे, तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2022च्या डीएसएम-5-टीआर या पुस्तिकेत प्रौढांसाठी किमान एक वर्ष. शिवाय तीव्र ओढ किंवा मन व्यापून टाकणारे विचार टिकून असावे लागतात आणि रोजचं जगणं ठप्प झालेलं असावं लागतं. माझं तिथवर गेलेलं नव्हतं. पण त्यांनी स्त्रोबे आणि शुट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999मध्ये मांडलेला विचार सोप्या शब्दांत सांगितला. शोकातला माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेल्या माणसाची ओढ, दुसऱ्यावर चालू आयुष्याची कामं. ये-जा सुरू असेल तर ठीक. एकाच काठावर मुक्काम पडला की अडचण. “तुमचं वाचन तुम्हाला नेतंय की थांबवतंय, एवढं बघा,” त्या म्हणाल्या.

मी रात्रीचं वाचन बंद केलं. सकाळी अर्धा तास ठरवला. हा साधा बदल कुठल्याही पुस्तकाइतकाच उपयोगी पडला.

बुटांची बटणं

नवव्या महिन्यात फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त वाचला, इंग्रजी भाषांतरात आणि अतिशय हळू. त्याच्या महाकादंबरीतल्या निवेदकाची आजी मरते तेव्हा तो जेवढा हलायला हवा तेवढा हलत नाही. मग ‘सोडोम आणि गोमोरा’ या 1921-22च्या खंडात, तिला पुरून वर्ष उलटून गेल्यावर, तो समुद्रकाठच्या त्याच हॉटेलात पुन्हा जातो. पहिल्याच रात्री बुटांची बटणं काढायला वाकतो, आणि पूर्वी इथेच आजी आपल्यावर अशी वाकली होती ते अंगावर आदळतं. ती मेली आहे हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं.

बैठकीतला माझा ‘स्वल्पविराम’ मला तिथे समजला. सात आठवडे उशीर झाला म्हणजे माझं प्रेम कमी, अशी जी बोच होती ती गेली. दुःख मनाच्या आठवणीत थांबत नाही, ते शरीराच्या सवयीत दडून बसतं आणि तीच हालचाल पुन्हा घडेपर्यंत वाट पाहतं.

त्याच कादंबरीत त्याआधी एक जागा आहे. निवेदक न कळवता घरी येतो आणि दिव्याखाली पुस्तकावर नजर फिरवत बसलेली एक थकलेली, अनोळखी म्हातारी त्याला दिसते. एक क्षण तो आजीला ओळखतच नाही. माझ्या आजीने मला न ओळखण्याबद्दल मी बरंच बोलले होते. पण एका संध्याकाळी दारातून मीही तिला असंच पाहिलं होतं, हातात पेन्सिल, पुढ्यात पान, आणि डोळे पानावर नसलेले. मी तिला ओळखलं नव्हतं आणि आत न जाता परत फिरले होते. ही नोंद वहीत त्या दिवसापर्यंत नव्हती.

फ्रॉइडने 1917मध्ये शोकाकडे गेलेल्या माणसापासून जीव हळूहळू सोडवून घेण्याचं काम म्हणून पाहिलं. 1996मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या पुस्तकाने उलट बाजू मांडली, की नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं. मी दुसऱ्या बाजूची आहे. फक्त एक अट घालेन. चालू ठेवायचं तर ते खऱ्या माणसाशी ठेवावं, त्याच्या धारेसकट आणि माझ्या चुकांसकट. कथेतल्या पात्रांनी मला तिथवर आणलं. पण “हे तू लिहिलंस” असं त्यांच्यापैकी कोणीही मला म्हणू शकत नाही.

आईची आई

शेवटचं पुस्तक तोवे यान्सन यांचं ‘द समर बुक’, 1972चं. फिनलंडच्या आखातातलं एक छोटं बेट, सहा वर्षांची सोफिया आणि तिची आजी. ही आजी सिगारेट ओढते, खोटं बोलते, चिडते, आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच झुडपांत स्वतःची कवळी शोधत असते. मला ती पाहताक्षणी आवडली. सोफियाची आई वारलेली आहे, ते एकाच वाक्यात, जाता जाता येतं. पुढे कोणी त्याबद्दल बोलत नाही. यान्सन यांनी हे पुस्तक स्वतःच्या आईच्या मृत्यूनंतर लिहिलं.

त्या एका वाक्याने मी थबकले. आमच्याही घरात एकीची आई गेली होती. वर्षभर मी ‘माझी आजी’ म्हणत होते. आई त्या काळात कागदपत्रं करत होती, कपाटं आवरत होती, माझी झोप झाली का विचारत होती. मी तिला सांभाळते आहे हा माझा समज होता.

बाराव्या महिन्यात एका रविवारी मी आजीच्या कपाटातली एक जुनी मराठी कादंबरी घेऊन आईजवळ बसले. “वाचून दाखवू?” विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुझ्याआधी मी वाचायचे तिला. तुला माहीत नाही ना?” मला खरंच माहीत नव्हतं. “मला अजिबात आवडायचं नाही. दहा वर्षांची झाले आणि पळून जायला लागले. मग तिने कित्येक वर्षं एकटीनेच मुद्रितं तपासली. एका डोळ्याने हस्तलिखित, एका डोळ्याने छापील. तू बसायला लागलीस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आणि थोडं वाईटही.”

आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी वाचायला लागले, मोठ्याने. समासात दर काही पानांनी ‘हं’ होता. आवाज दोनदा अडकला, पण पुढे गेला. त्यानंतर दोन महिने आम्ही रविवारी वाचत होतो, आणि वहीतली शेवटची नोंद त्यातल्याच एका रविवारची आहे. विरामचिन्हं मी म्हणत होते, आई डोळे मिटून ऐकत होती. एका वाक्यात तिने डोळे उघडले.

“तिथे स्वल्पविराम आहे?”

मी पान पाहिलं. नव्हता.

“मग तो तू घातलास,” आई म्हणाली, आणि टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं.